अंगणातला अंधार

दुपारी लेक झोपल्यावर जास्मिनने लॅपटॉप उघडला. दुबईला जाण्याच्या आदल्या रात्री जोसेफने श्रीरामपूरच्या घराच्या अंगणात कॅमेरा स्टँडवर ठेवून, टायमर लावून मृग नक्षत्राचा फोटो काढला होता. एडिटिंग तिच्यावर सोपवून तो गेला.

"आभाळ काळंभोर कर गं, धुरकट दिसतंय," सकाळीच फोनवर म्हणाला होता.

तिने काळं केलं. तारे उठून दिसले, पण खालचं अंगण पार बुडालं. मग तिने सावल्या उजळल्या. आभाळ पुन्हा धुरकटलं आणि शेवग्याखाली बाजेवर जोसेफ दिसला, लेकीला मांडीवर घेऊन, जराही न हलता बसलेला. ती तेव्हा आत त्याची बॅग भरत होती.

तिने तसाच फोटो पाठवला.

"आभाळ फिकंच ठेवलंस?"

"काळं केलं, की तू दिसत नाहीस."