तीन पाव गेले कुठे?

माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. महदियाच्या बंदरात चाळीस वर्षं मी होड्यांची नोंद ठेवली. आता होडी कुठली आणि गाढव कुठलं, हे आवाजावरून ठरवायची पाळी आली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, "तीन महिन्यांत साखर खाली आली तर ऑपरेशन. नाही तर नाही." मला जगातलं फार काही बघायचं नव्हतं. सकाळचा पेपर तेवढा स्वतः वाचायचा होता. तो मला माझी बायको मबरूका वाचून दाखवायची, आणि ती फक्त कोण वारलं तेवढंच वाचायची.

साखरेसाठी मला दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. सिहेम तिचं नाव. राजधानीत शिकून नुकतीच आलेली. तिनं तक्ता दिला: सॅमन मासा, अ‍ॅव्होकाडो, ब्रोकोली, किनोआ.

मबरूकानं तो मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "ही औषधं जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

सॅमन म्हणे विमानानं येतो. आमच्या दारासमोरच्या बंदरात तारलीचे ट्रे उतरत होते, आणि आम्ही मासा आकाशातून यायची वाट बघत होतो.

सोबत एक वहीही होती. दोघांचं रोजचं जेवण लिहायचं, दोन रकान्यांत. एकात खाल्लेलं, दुसऱ्यात वाया गेलेलं.

"वाया गेलेलं कशाला ग?" मी विचारलं.

"पोटात जातं ते पिकवायला पाणी लागतं, तसंच फेकलं जातं त्यालाही लागतं, मुनजीकाका. आपल्याकडे पाणी आहे कुठे?"

मी सांगायचो, मबरूका लिहायची. माझा पाव: अर्धा. वाया: काही नाही. 'अर्धा' लिहिताना तिला दर वेळी खोकला यायचा.

महिन्यानं साखर तपासली. ती वर गेली होती. सिहेम बिचारी स्वतःचाच तक्ता उलटसुलट करून बघत बसली.

त्याच आठवड्यात ती ताणकाटा घेऊन आमच्या गल्लीत आली. आमच्याकडे शिळा पाव कचऱ्यात जात नाही. खाली पडलेला पाव उचलून, ओठांना लावून भिंतीवर ठेवतात. उरलेला पिशवीत घालून दाराच्या खिळ्याला अडकवतात, आणि खमैस तो आपल्या मेंढ्यांसाठी गोळा करतो. गल्लीत किती पाव वाया जातो ते सिहेमला मोजायचं होतं. शेजारच्या लतीफाची पिशवी दोन किलो भरली. लतीफानं ओढणी तोंडावर ओढली. आमची पिशवी रिकामी.

"शाब्बास, मुनजीकाका! सगळ्या गल्लीत हे एकच घर!"

मी मान खाली घालून कौतुक स्वीकारलं. नम्रता मला शोभते.

"कसलं शाब्बास?" लतीफा उसळली. "रोज पाच पाव घेतो हा! बेकरीत माझ्यापुढे घुसतो!"

सिहेमनं वही उघडली. "पाच. काका अर्धा, काकी दीड. पिशवीत काही नाही." मग तिनं वर पाहिलं. "मग तीन पाव गेले कुठे?"

सुटायला एकच वाट होती. कचऱ्यात टाकले म्हणायचं. तोंड उघडलंही होतं मी. पण सगळी गल्ली ऐकत उभी होती, आणि पाव कचऱ्यात टाकला असं म्हणायला जीभ रेटेना. खोटं बोलायला माझी हरकत नसते, पण कसलं बोलायचं याला काही मर्यादा आहे.

"खाल्ले," मी म्हणालो. "तेलात बुडवून. मबरूका गच्चीवर कपडे वाळत घालते तेव्हा."

"मला काय ठाऊक नाही?" मबरूका म्हणाली. "तेल कोण भरतं बाटलीत? पण मी चोरी लिहायची कुठल्या रकान्यात?"

आता बोलणी बसणार म्हणून मी खांदे वर घेतले. सिहेम आमच्या पायरीवर बसली.

"काका, उपाशी राहत होतात का?"

"तुझा तक्ता बघूनच भूक लागायची, मुली."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "तो मी पुस्तकातून उतरवला. या गावात काय पिकतं, समुद्रातून काय निघतं, ते विचारलंच नाही. तुमच्या खोट्यात निम्मा वाटा माझा." आणि मबरूकाकडे वळून, "काकी, तुमची आई काय शिजवायची हो?"

हा प्रश्न मबरूकाला कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. ती तासभर बोलली. जवाचा पाव, जाड मळलेला. भाजलेली तारली. जिरं घातलेले हरभरे. पावसानंतर बांधावर फुकट उगवणारी पालेभाजी, वाफवून, वर लिंबू पिळून. तेल ऑलिव्हचंच, पण चमच्यानं. सिहेम लिहीत होती. लतीफाही मधूनमधून चुका काढायला थांबली.

डॉक्टरांच्या मुदतीतले दोन महिने उरले होते. मी काही कमी खाल्लं नाही. जवाचा पाव चावताना जबडाच आधी दमायचा, त्याला मी काय करू? साखर उतरली. ऑपरेशन झालं.

पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात गेलो. सिहेमच्या नाकावर तीळ आहे, हे तेव्हा कळलं. बाहेर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात नवा छापील तक्ता होता. त्यात विमानातून येणारं काही नव्हतं. मी एक मागून घेतला आणि तळाच्या बारीक अक्षरापर्यंत वाचून काढला, चष्म्याशिवाय. तळाशी छापलं होतं: 'आभार: मबरूका, मासळी गल्ली.'

मी माझं नाव शोधलं. कागद उलटून मागेही पाहिलं. नव्हतं.

पण मी आभार मानायला गेलो होतो. आल्यापावली तक्रार करणं बरं दिसेना. मी सिहेमचे दोन्ही हात हातात धरले.

"काका, डोळ्यांत पाणी नको," ती म्हणाली. "टाके ताजे आहेत."