फाटकाबाहेर भरलेली मीटिंग

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, हृदयाचा त्रास झाला आणि त्यातून ते उठले, तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. पण घरी आल्यावर त्यांचे पाय सुजायला लागले. सकाळी जरा बरे असायचे, दुपारपर्यंत घोटे दिसेनासे व्हायचे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, हळूहळू उतरेल. रोज अर्धा तास चाला. गवतावर चाललात तर फारच छान. फक्त बूट नकोत. पट्ट्यांची, उघडी सँडल घाला."

अप्पा एकदम गप्प झाले. डॉक्टरांना वाटलं, पेशंट लक्ष देऊन ऐकतोय. मला मात्र कळलं, काय झालंय ते.

अप्पांनी नोकरीभर जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढले आणि तीस वर्षं गोल्फ खेळला. क्लबच्या पोशाख समितीचे ते एकोणीस वर्षं प्रमुख होते. शर्टाला कॉलर हवी, शर्ट खोचलेला हवा, जीन्स नको, हे नियम आधीपासूनच होते. पण चौथा नियम खास त्यांचा, त्यांच्याच अक्षरात लिहून फाटकाशेजारी लावलेला: 'फाटकाच्या आत उघडी पादत्राणे चालणार नाहीत.' फाटकाच्या आत म्हणजे गाड्या लावायच्या जागेतसुद्धा. लोक त्यांना पाठीमागे 'कॉलरमास्तर' म्हणायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं. एकदा त्यांनी अध्यक्षांच्या जावयाला चपला घातल्या म्हणून गाडीतून उतरूही दिलं नव्हतं.

पहिल्या रविवारी त्यांनी बुटांशी झटापट केली. पावडर लावून झाली, लेसेस पार काढून झाल्या, प्लास्टिकच्या पिशवीत पाय घालून तो बुटात सरकवून झाला. मी बूट धरून बसले होते आणि माझा नवरा मागून अप्पांना धरून उभा होता.

"लाव जोर," अप्पा म्हणाले.

"अप्पा, पाय आहे तो, उशीचा अभ्रा नाही," नवरा म्हणाला.

उजवा बूट अर्धा गेला आणि तिथेच अडकला. तो काढायला आम्हाला पाऊण तास लागला. त्यानंतर अप्पांनी बूट कपाटात ठेवले आणि क्लबचं नावच टाकलं.

सँडल आणली होती, ती घालून ते घरातल्या घरात फिरायचे. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून परत. नवरा म्हणाला, "खाली फुटपाथवर तरी चाला." अप्पा म्हणाले, "फुटपाथवर माणूस कुठेतरी जायला चालतो. मला कुठे जायचंय?" मग त्यांनी आमच्याकडे मोर्चा वळवला. नवऱ्याचा शर्ट मागून बाहेर आलाय, माझ्या बाहीचं बटण लोंबतंय, दोरीवर कपडे उलटे वाळत घातलेत. घरात नाकात दम आला. त्याहून वाईट म्हणजे हळूहळू तेही बंद झालं. ते खुर्चीत बसून राहायला लागले. पायांची सूज काही उतरेना, कारण चालणंच होईना.

माझं चष्म्याचं दुकान आहे. एका दुपारी क्लबचे सेक्रेटरी नवीन चष्मा न्यायला आले. मी त्यांच्या कानामागची काडी वाकवून नीट बसवत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "वहिनी, अप्पा कसे आहेत? चार महिने झाले, दिसले नाहीत. आम्हाला वाटलं, तब्येत फारच..."

"तब्येत ठीक आहे हो. पायात बूट जात नाहीत."

सेक्रेटरी आधी हसले, मग माझा चेहरा बघून थांबले. मी सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हटलं, "काही सवलत देता येईल का? पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

"तुम्ही काळजीच करू नका," ते म्हणाले.

आठवड्याभरात घरी पत्र आलं. कार्यकारिणीच्या मीटिंगची सूचना; अप्पा समितीवर असल्यामुळे त्यांनाही पाठवलेली. विषय क्रमांक सहा: 'एका ज्येष्ठ सभासदाच्या सूनबाईंच्या विनंतीवरून पादत्राणांच्या नियमात सवलत देणे.' सेक्रेटरींनी माझं नाव खरंच कुठे येऊ दिलं नव्हतं.

अप्पांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"हे तू केलंस?"

"हो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी चहा नेऊन ठेवायचे, ते 'ठेव' एवढंसुद्धा म्हणायचे नाहीत. मला फार वाईट वाटलं. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, सासूबाई त्याच्या आधीच गेलेल्या. अप्पांचं आणि माझं कधी वाकडं आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते कॉलरचा शर्ट, इस्त्रीची पँट आणि सँडल घालून दारात उभे राहिले.

"गाडी काढ. मीटिंगला जायचंय."

"जायचंय?" मला आनंदच झाला.

"विरोध करायला," ते म्हणाले.

क्लबच्या फाटकापाशी त्यांनी मला गाडी बाहेरच थांबवायला लावली. उतरून फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. पहारेकरी सलाम करून म्हणाला, "या ना साहेब, आत सगळे तुमची वाट बघतायत."

अप्पांनी त्याला पायाकडे बोट दाखवलं. "नियम वाच."

"साहेब, तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी काय? मोठ्याने वाच."

बिचाऱ्याने वाचला. मग आतून सेक्रेटरी धावत आले. त्यांनी हातापाया पडून पाहिलं, पण अप्पा ढिम्म हलेनात. विरोध नोंदवल्याशिवाय घरीही जाणार नाहीत आणि सँडल घालून आतही येणार नाहीत! मी गाडीला टेकून उभी होते आणि मला वाटत होतं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

दहा मिनिटांनी क्लबहाऊसचं दार उघडलं आणि खुर्च्या बाहेर यायला लागल्या. समितीचे लोक आपापली खुर्ची उचलून, काखेत फायली मारून फाटकाकडे येत होते. पाच जण होते, अप्पांसाठीही एक खुर्ची त्यांनी आणली होती. त्यांनी रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या सावलीत खुर्च्या मांडल्या आणि मीटिंग सुरू केली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एक सायकलवाला तर विचारून गेला, "इथे नंबर लावायचा का?"

"विषय क्रमांक सहा," अध्यक्ष म्हणाले. "अप्पा, तुम्ही बसूनच बोला."

अप्पा उभे राहून बोलले. म्हणाले, "माझे वडील दुसऱ्यांच्या घरी रंगकाम करायचे. मी या क्लबात पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्याकडे एकच चांगली पँट होती. पण आत गेलो आणि बघितलं, सगळ्यांचे कपडे सारखे. कोण कोणाचा मुलगा, काही कळत नव्हतं. मला कोणी विचारलं नाही, तू कोण. म्हणून मी या नियमांना जपलं. आज मी स्वतःसाठी नियम वाकवला, तर ज्यांना परत पाठवलं त्यांना काय तोंड दाखवू? माझा विरोध लिहून घ्या."

मलाही हे माहीत नव्हतं. घरात त्यांनी वडिलांबद्दल कधी इतकं सांगितलं नव्हतं.

मग समितीवरच्या डॉक्टरबाई उठल्या. त्या गुरांच्या डॉक्टर. उंच, उन्हाने रापलेल्या.

"ज्यांना परत पाठवलंत त्यांतली एक मी आहे," त्या म्हणाल्या. "आठवतं?"

अप्पा म्हणाले, "आठवतं. गोल गळ्याचा शर्ट."

"रात्रभर एका गाईचं बाळंतपण करून मी थेट इथे आले होते. वासरू जगलं होतं. मला फक्त तासभर मोकळ्या हवेत खेळायचं होतं. तुम्ही म्हणालात, उद्या कॉलर घालून या. मी गाडीत बसून तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते मिनिट्समध्ये लिहिण्यासारखं नाही."

सेक्रेटरींनी पेन वर उचललं.

"मला तेव्हा वाटलं, हा माणूस बाईला छळतोय. तुमच्याआधीच्या समितीने मला तसं छळलंही होतं. बायकांनी पुढच्या दाराने यायचं नाही म्हणे! तो नियम तुम्ही काढून टाकलात, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून सांगते. कॉलरने सगळे सारखे होत असतील, होऊ देत. पण ज्याचे पाय बुटात जात नाहीत, तो तुमच्या नियमाने सारखा होत नाही, तो बाहेर राहतो. तुम्ही स्वतःच बघा ना कुठे उभे आहात."

अप्पांनी खाली बघितलं. त्यांची सँडल रस्त्याच्या धुळीत होती.

"आणि सवलत एकट्या अप्पांना नको," त्या पुढे म्हणाल्या. "ज्याची शरीराची अडचण असेल, त्याने फाटकावर नुसतं सांगावं. बास."

"डॉक्टरांची चिठ्ठी हवी," अप्पा लगेच म्हणाले.

"कशाला? पाय सुजलेले पहारेकऱ्याला दिसत नाहीत?"

"उद्या कोणीही उठेल आणि..."

"उठू दे. चालेल तरी."

अध्यक्षांनी मतं मागवली. पाच हात वर गेले, विरोधात एकट्या अप्पांचा. ठराव पास झाला आणि ते हरले. मी त्यांच्याकडे बघायला धजत नव्हते. बघितलं तर ते खुर्चीत बसत होते. बऱ्याच दिवसांनी कोणी डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यावं, तसे. त्यांनी एक लांब श्वास सोडला, अगदी ऐकू येईल असा. माझाही जीव भांड्यात पडला.

"ठराव आधी लिहून होऊ दे," ते म्हणाले. "मग आत येतो."

सेक्रेटरींनी आमच्या गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून ठराव लिहिला. अप्पांनी तो वाचला, 'शारीरिक'मधली चुकीची वेलांटी दुरुस्त करून घेतली आणि खाली सही केली. मग ते फाटकातून आत गेले. मी मागे निघाले, तर वळून म्हणाले, "तू कुठे? तुझ्या शर्टाला कॉलर नाही."

डॉक्टरबाई खो खो हसायला लागल्या. मीही हसले. कितीतरी दिवसांनी अप्पा माझ्या कपड्यांना नावं ठेवत होते, याचं मला इतकं बरं वाटलं की मी गाडीत जाऊन काचा खाली केल्या, सीट मागे टाकली आणि चक्क झोपले. आदल्या दोन रात्रींची झोप बाकीच होती.

तासाभराने त्यांनी टपावर टकटक केलं. चेहरा घामाने निथळत होता. पायांच्या बोटांमध्ये गवत अडकलेलं होतं.

"दोन होल खेळलो. वाईट खेळलो," ते म्हणाले. गाडीत बसल्यावर जरा वेळाने म्हणाले, "तू विचारायला हवं होतंस, सूनबाई."

"हो, अप्पा. चुकलंच."

"पण मी नाहीच म्हणालो असतो, हे खरं."

त्याला आता आठ महिने झाले. उजव्या पायाची सूज पूर्ण उतरली, डाव्याची उतरता उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, एवढी राहील, काळजीचं कारण नाही. अप्पा रोज सकाळी खेळायला जातात. ठरावाचा फायदा आणखी तिघांनी घेतलाय. त्यांतली एक बाई अपघातानंतर दोन वर्षांनी परत खेळायला आली. गुरुवारी डॉक्टरबाई अप्पांच्या जोडीला असतात. सँडलमध्ये मोजे घालावेत की घालू नयेत, यावरून सध्या त्यांचं कडाक्याचं भांडण चाललंय आणि पुढच्या मीटिंगसाठी दोघांनीही आपापला विषय लेखी दिलाय.