बारचा वेग

चाळीस वर्षं लोकांच्या हातातला वजनाचा बार बघण्यात गेली, आणि आता म्हणे तो किती जोरात वर जातो ते फोन सांगणार! व्यायामशाळेच्या मास्तरांना हे पहिल्या दिवसापासून झोंबलं. त्यातून हे खूळ आणणारी कोण, तर सख्खी भाची. जमिनीवरून वजन उचलण्यात तिचा हात धरणारं तिथं कोणी नव्हतं. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती, आणि पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

तिनं फोन खुर्चीवर टेकवून ठेवला. प्रत्येक उचलीचं चित्रण करून तो बारच्या वेगाचा आकडा दाखवायचा. वेग ठरलेल्या आकड्याच्या वर राहिला तर वजन वाढवायचं, खाली घसरला तर थांबायचं.

"अगं, बार रडतोय. आज पुरे," मास्तर म्हणाले.

"आकडा झकास आलाय, मामा. तुम्ही आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

सगळे फिदीफिदी हसले. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. कालची पोर, आणि चारचौघांत आपली अक्कल काढते! "बरं बाई, तू आणि तुझा फोन," म्हणून ते बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

आठ दिवस वजन वाढतच गेलं. बार गुडघ्यापाशी अडखळायला लागला, तिची पाठ गोल व्हायला लागली. आंधळ्यालाही कळलं असतं, मास्तरांना तर पहिल्याच दिवशी कळलं. पण बोलतील तर शपथ! एकदा तोंडघशी पडू दे हा फोन, मग येईल मामा मामा करत. खरं सांगायचं तर ते त्या दिवसाची वाटच बघत होते.

गुरुवारी तो दिवस आला. बार गुडघ्यापर्यंत गेला, तिथंच थबकला, आणि ती कळवळून खाली बसली. कमरेतली गादी सरकली होती. सहा महिने वजनाला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाचणी गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी टेप काढली आणि बारच्या प्लेटा मोजल्या. फोन वेग काढायचा तो प्लेटच्या मापावरून. त्यात आधीच भरलेलं माप होतं पंचेचाळीस सेंटिमीटर, ते तिनं तसंच ठेवलं होतं, आणि इथल्या जुन्या प्लेटा निघाल्या चाळीसच्या. म्हणजे फोन बारचं अंतर जास्त धरत होता, आणि प्रत्येक उचल होती त्याहून वेगवान दिसत होती. मास्तर लगोलग बहिणीच्या घरी गेले.

भाची पालथी पडून होती. त्यांनी तिला सगळं समजावलं. "बघ, मी म्हणत होतो की नाही?" आवाजातला आनंद त्यांना काही केल्या लपवता आला नाही.

तिनं उशीवरून मान वळवली. मग म्हणाली, "मामा, गुरुवारी तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

दिसलं म्हणावं तर मामा मेला, नाही म्हणावं तर मास्तर मेला.

"नाही गं," ते म्हणाले.

"दिसलं होतं. समोरच्या आरशात मी तुमच्याकडेच बघत होते, आणि तुम्ही बारकडे. म्हटलं, मामा आता ओरडतील, मग सोडते."