शब्द आधी येतो

मनात जे उठेल त्याला एक शब्द द्यायचा आणि सोडून द्यायचं, एवढंच ध्यानाच्या बाईंनी शिकवलं होतं. गुडघा दुखला की मनातल्या मनात म्हणायचं, ‘दुखणं’. रस्त्यावर हॉर्न वाजला, ‘आवाज’. राग आला तर ‘राग’. ‘माझा राग’ म्हणायचं नाही. मी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, तेव्हा एवढं तरी जमेल असं वाटलं होतं. शिकायला गेलो तो बायकोसाठी. तिचं विसरणं वाढत चाललं होतं आणि तेच ते पुन्हा सांगताना माझा आवाज चढायचा. तो चढू नये, शेवटपर्यंत तिला घरीच सांभाळता यावं, एवढंच हवं होतं.

सकाळी चहा झाला की तिला खिडकीपाशी बसवायचं आणि शेजारच्या खुर्चीत आपण डोळे मिटायचे. ती टॉवेलची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

एकदा मानेला खाज सुटली. मी मनात शब्द जुळवतोय तोच ती म्हणाली, “खाज.”

मी डोळे उघडले. ती घडी घालत होती.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पण मग “आवाज” आला, “दुखणं” आलं. चमच्याला चमचा म्हणतात हे तिला आठवत नव्हतं. मला ती ‘साहेब’ म्हणायची आणि लाइन बिझी आहे म्हणून सांगायची.

मुलीला फोनवर सांगितलं. केस पिकायला लागले तरी आम्ही तिला चिमणीच म्हणतो. ती हसली. “बाबा, तुम्ही पुटपुटत असणार. वाचतानासुद्धा ओठ हलतात तुमचे. आणि आई पडली टेलिफोन एक्स्चेंजची. दुसऱ्याचं ऐकणं हाडात मुरलंय तिच्या.”

पटलं. दुसऱ्या दिवशी दातांत रुमाल धरून बसलो. कुणी पाहिलं असतं तर घरात चोर शिरलेत म्हणून आरडाओरडा केला असता.

“राग,” ती म्हणाली.

मी आत पाहिलं. राग नव्हता. श्वास येत होता, जात होता. मग तळपायातून काहीतरी तापत वर चढलं आणि दातांतला रुमाल मी करकचून चावला. कशाचा राग, ते कळेना. ती शांतपणे टॉवेल झटकत होती.

त्या दिवसापासून शब्द आधी यायचा आणि बाकीचं मागून.

एकदा भरवताना मी मनात ‘करुणा’ म्हणत होतो. ती तोंडातला घास गिळून म्हणाली, “कंटाळा.” चमचा तसाच हवेत धरून मी तपासलं. कंटाळाच होता. बरेच दिवस मीच त्याला भलतं नाव देऊन बसवलं होतं. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात आयुष्य गेलं आणि ही माझी चूक नजरेतून निसटली.

रविवारी चिमणी आली. एका वृद्धाश्रमात खोली रिकामी झाली होती आणि उत्तर आजच द्यायचं होतं.

“बाबा, अर्धे झालात तुम्ही. आरशात बघता की नाही?”

“मी आधीपासून अर्धाच होतो.”

“विनोद पुरे. नेऊ का तिला?”

तो कंटाळा दिसल्यापासून माझा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. असल्या माणसाच्या हातचा घास तिने का म्हणून खावा? तिथे निदान चांगली माणसं असतील.

“ने,” मी म्हणालो.

“भीती,” बायको म्हणाली.

चिमणी दचकली. “हेच का ते, बाबा?”

“थांब. आता येईल.”

मी डोळे मिटले. पोट, छाती, घसा, भीती जिथे जिथे बसते त्या सगळ्या जागा चाचपल्या. थांबलो. चिमणीच्या बांगड्या वाजल्या, बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू केली. आत काहीच नव्हतं. शब्द येऊन गेला होता आणि त्याच्या मागून पहिल्यांदाच कुणी आलं नव्हतं.

डोळे उघडले. टॉवेल जमिनीवर पडला होता. खुर्चीचे हात तिने इतके घट्ट धरले होते की नखं पांढरी पडली होती.

“चिमणे,” मी म्हणालो, “ही भीती माझी नव्हे गं. हिची आहे.”

चिमणी जमिनीवर बसली आणि आईची बोटं एकेक करून सोडवायला लागली. “आई, इथेच राहायचं हं तू. कुठ्ठे जायचं नाही.” मग तिने फोन करून खोली नको म्हणून सांगितलं. “पण उद्यापासून मदतीला बाई येणार,” ती मला म्हणाली. “नाही म्हणायचं नाही.”

“नाही म्हणत नाही. मला कंटाळा येतो,” मी म्हणालो. हे कुणाला तरी मोठ्याने सांगितलं, याचंच नवल वाटलं.

ती गेल्यावर मी शेजारच्या खुर्चीत बसलो. ऊन भिंतीवर सरकलं होतं.

“रडू,” बायको म्हणाली.

मी आत पाहिलं. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोन्हीकडे अजून काही नव्हतं. पण ते निघालं होतं, एवढं नक्की. कुणाकडे, ते कळत नव्हतं. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली, आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो.