गुलाबी कापूस

चित्रं साफ करणाऱ्यांचा एक साधा नियम आहे. कापूस तपकिरी आला तर जुनं वार्निश निघतंय, खुशाल पुसा. गुलाबी आला तर थांबा, कारण चित्रच निघतंय. नॉर्विचमध्ये तीस वर्षं मी हे नवशिक्यांच्या डोक्यात भरवलं आणि त्या मंगळवारी स्वतःच माती खाल्ली.

चित्र होतं अँब्रोज टडनम यांच्या आईचं, लिडियाबाईंचं. टडनम अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. घोंगडीत गुंडाळलेली ती तसबीर मांडीवर घेऊन बसने आले होते. आईचा हा एवढाच चेहरा उरलाय, जपून करा, असं तीनदा बजावून गेले.

पुसण्याआधी प्रत्येक रंगावर टिकलीएवढी जागा तपासायची असते. मी मागचा पडदा तपासला, हिरवा झगा तपासला. चेहरा नाही तपासला. घमेंड, दुसरं काय!

चेहऱ्याची डावी बाजू पुसून होईपर्यंत माझं कापसाकडे लक्षच नव्हतं. पाहिलं तर गुलाबी. पण गाल गेला होता तिथे कोरा कॅनव्हास नव्हता. तिथे दुसराच गाल होता, हाडकुळा, वांगाच्या ठिपक्यांचा, आणि वर जड पापणीचा राखाडी डोळा. अर्धी लिडिया, अर्धी कुणी भलतीच बाई माझ्याकडे बघत होती. कुणीतरी वार्निशवरच नवा चेहरा चढवला होता, म्हणून तो इतक्या सहज सुटला. मी तसबीर उलटी केली. चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘हेस्टर, १९१२’.

दुसऱ्या दिवशी टडनम आले. मी काहीही न लपवता सांगितलं, चूक माझीच म्हटलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, आणि मी एकदा त्यांच्याकडे, एकदा चित्राकडे पाहिलं. तीच जड पापणी, तोच राखाडी डोळा.

“हेस्टर माझी मावशी,” ते म्हणाले. “मी जन्मलो त्याच दिवशी गेली. आई म्हणायची, योगायोग.”

माय मरो आणि मावशी जगो, ही म्हण मी आयुष्यभर हसत वापरली होती. त्या दिवशी हसू आलं नाही.

लिडियाबाईंचा चेहरा पुन्हा रंगवून देते, किंवा उरलेला काढते, सांगाल तसं, असं मी कसंबसं म्हटलं.

“नको, बाई. आईला हात लावू नका.” मग म्हणाले, “दोघींनाही.”

घोंगडी गुंडाळता गुंडाळता त्यांचे हात थांबले.

“दर वाढदिवसाला केक कापायच्या आधी आई मला मावशीच्या कबरीवर न्यायची. म्हणायची, मावशीला थँक यू म्हण. मी विचारायचो, कशाबद्दल? ती म्हणायची, तू म्हण तर.”