सोंडवाला ढेकूण

पलंगाचे दोन पाय जिन्यात, दोन अजून घरात, आणि तेवढ्यात वहिनीने आरोळी ठोकली, "थांबा! कुणी हलायचं नाही!"

भंगारवाला थबकला. दुसरं टोक धरलेला धाकटा दीर जागच्या जागी पुतळा झाला.

हा पलंग वहिनीच्या वडिलांनी स्वतः बनवलेला. सुतारकामातलं त्यांचं शेवटचं काम. नंतर हात असे थरथरायला लागले की रंधा सुटला तो सुटलाच. आणि आज सकाळी चादरीवर तपकिरी किडे दिसले, तर सासूबाईंनी एका दमात निकाल लावला. "ढेकूण! लाकडातूनच आलेत. हे धूड आत्ताच्या आत्ता बाहेर!"

पलंग उचलला गेला, तशी वहिनी जमिनीवर काढून ठेवलेलं अंथरूण आवरायला लागली.  चादर झटकताना एक किडा तिच्या तळहातावर पडला. ती मोबाइल दुरुस्त करायची, भिंग कायम पर्समध्ये. लावलं डोळ्याला, आणि उडालीच! म्हणूनच ती आरोळी.

"आई! याला सोंड आहे!"

"काय आहे?"

"सोंड! हत्तीसारखी, पुढे आलेली! आणि ढेकूण चपटा असतो, हा बघा कसा लांबट, टणक. शिवाय चावला का कुणाला?"

तिने नखाने टोचलं. किड्याने पाय पोटाशी घेतले आणि आडवा झाला.

"मेला!" दीर म्हणाला.

"कसला मेला, नाटकी आहे." आणि खरंच, जरा वेळाने स्वारी उठून चालायला लागली.

सासूबाईंनी भिंग हिसकावलं. "अगं बाई, हा तर गव्हातला सोंड्या! पण पलंगात गहू कुठून येणार?"

बोलता बोलता त्यांची नजर जमिनीवरच्या अंथरुणाकडे गेली. उशीजवळ फ्लॅनेलची पिशवी होती. वाकून काम करून सुनेची पाठ धरायची, म्हणून त्यांनीच गहू भरून शिवलेली. तव्यावर गरम करायची आणि शेकायचं.

"दुखायचं थांबलं, मग मी गरम करायचीच सोडली," वहिनी पुटपुटली. "नुसतीच उशाला घेऊन झोपायचे. तुम्ही केलेली ना, म्हणून."

सासूबाईंनी टाका उसवला. भोकं पडलेले गहू, पीठ, आणि सोंड्यांची पळापळ! दीर फिस्सकन हसला आणि लगेच तोंड दाबलं. आता आई कुणावर कडाडणार?

"दात काय काढतोस, ठोंब्या! पलंग आत घे. आणि जपून, कोपरा घासला तर बघ!"

"मग मी काय नेऊ?" भंगारवाला वैतागला.

"ही पिशवी न्या!"

वहिनीला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी. पलंग जागेवर बसला. सासूबाईंनी पदराने त्याची कड पुसली, मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांना फोन लाव. सांग, पलंग दगडासारखा भक्कम आहे म्हणावं."

वहिनी फोन शोधायला धावली.

"आणि ए, पिशवीचं मात्र बोलायचं नाही हां!"