टोपी काढायची राहिली

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो, तो मी. धातूच्या डबीत दोन-तीन काचा, एवढाच माझा जीव. नाव व्ह्यूफाइंडर. लोक विचारतात, "हे काय लावलंय वर?" माझी ओळख ही अशी.

खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स रीळवाल्या कॅमेऱ्याला लावली, की त्याची स्वतःची खिडकी अपुरी पडते. मग वरच्या खाचेत मला सरकवतात. लेन्सला काय दिसणार, ते मी आधी दाखवतो. फोटो मात्र तीच काढते. माझ्यात रीळ नसतं.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मालक मात्र सांगण्यासारखा. तो विकाऊ घरांचे फोटो काढायचा. आमच्यामुळे कित्येक खुराडी ऐसपैस खोल्या म्हणून खपली. घर घेणारे पुढे काय म्हणाले, ते मला ठाऊक नाही.

मग त्याची आई अंथरुणाला खिळली आणि तिची थोरली बहीण भेटायला आली. दोघींमध्ये कित्येक वर्षं अबोला होता. कारण शिवणयंत्र. त्यांच्या आईच्या माघारी ते मावशीने नेलं होतं. शिवता दोघींनाही येत नव्हतं.

खोली इतकी लहान, की दोघींचा फोटो काढायला मालक कपाटाला पाठ टेकवून उभा राहिला. फोटोत नको म्हणून आईने चष्मा काढून ठेवला. मावशी पलंगाच्या कडेला अवघडून बसली आणि कोणी न सांगता तिने आईचा हात हातात घेतला. मला सगळं दिसत होतं. दोन्ही चेहरे, गुंतलेली बोटं, औषधाच्या बाटल्यासुद्धा. इतकं चांगलं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बटण दाबलं गेलं.

मावशी गेल्यावर मालकाने लेन्सकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

"टोपी काढायची राहिली. लेन्सवर तशीच होती."

हा घोळ आमच्याच जमातीत होतो. मी लेन्सच्या वर बसतो. टोपी असो वा नसो, मला लख्ख दिसतं.

आई हसली. खूप दिवसांनी हसली. "मग बोलाव तिला परत. म्हणावं, फोटो बिघडला."

मावशी पुढच्याच आठवड्यात आली. बेल वाजली तशी आई हळूच म्हणाली, "टोपी राहू दे आज."

"अगं पण..."

"फोटो मिळाला की ती कशाला येतेय?"

मग हे असंच सुरू राहिलं. मावशी यायची, हात हातात घ्यायची, दोघी शिवणयंत्रावरून मनसोक्त भांडायच्या, बटण वाजायचं आणि फोटो बिघडायचा. "कसला रे फोटोग्राफर तू!" असं म्हणत मावशी पुढच्या खेपेचा दिवस ठरवून जायची.

शेवटी एकदा त्याने ठरवलं, आज आईला न सांगता टोपी काढायची. मला खाचेत बसवलं, टोपी खिशात टाकली. त्या दिवशी मावशी पोहोचायच्या आधीच आई गेली.

काही दिवसांनी मावशी त्या रिकाम्या पलंगावर येऊन बसली. मालक खाली मान घालून म्हणाला, "मावशी, तुम्हा दोघींचा फोटो एकही नाही. टोपी लावलेलीच असायची."

"माहितेय. पहिल्याच दिवशी दिसली मला. समोरच तर बसले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"फोटो नीट आला असता, तर परत कोणत्या तोंडाने आले असते मी?"

तेव्हापासून मी कपाटाच्या खणात आहे. धूळ फारशी नाही, तक्रारही नाही. एवढंच वाईट वाटतं, की मी जे पाहिलं ते मालकाला देता येत नाही. तुम्ही कधी असा कॅमेरा उचललात, तर बटण दाबण्याआधी टोपी स्वतः बघा. समोरची माणसं सांगतीलच असं नाही.